बेडकाशी बोलायला दहा मिनिटं

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या जेवणाच्या टेबलावर एक योद्धा मेला. तो माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याचा होता, आणि त्याचं नाव ठरवायलाच भाच्याने दोन दिवस घेतले होते.

खेळ होता डंजन्स अँड ड्रॅगन्स. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका पाहिलेल्यांना तो ठाऊक असेल. त्यातली मुलं तळघरात बसून खेळतात तोच. सोंगट्या असल्या तर असल्या, नसल्या तरी अडत नाही. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. आमच्याकडे गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे होतं. भाचा योद्धा, शेजारचा मुलगा धनुष्यबाणवाला रेंजर, आणि माझी अकरा वर्षांची लेक ड्रुइड. ड्रुइड म्हणजे रानाची जादू जाणणारं पात्र. झाडं, प्राणी, पाणी, वारा यांच्याशी त्याचं नातं.

गोष्ट अशी होती की एका गावात विहिरीचं पाणी पिऊन माणसं आजारी पडत होती. लेकीने विहिरीच्या काठावर बसलेल्या बेडकाला गाठलं आणि प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र वापरला. बेडूक म्हणाला, काल रात्री बुटकी, हिरवट मंडळी पोतं घेऊन आली होती. मग तिने विष आणि रोग ओळखण्याचा मंत्र वापरला. पाण्यात विष आहे हे कळलं. सगळे खूश. वाटेत रेंजरने माग काढला आणि संध्याकाळी मंडळी ओढ्यापलीकडच्या गुहेत शिरली.

गुहेत गॉब्लिनांनी योद्ध्याला लोळवलं. या खेळात प्राण शून्यावर आले की पात्र लगेच मरत नाही. दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा जास्त पडलं तर एक यश, कमी पडलं तर एक अपयश. तीन अपयशं झाली की संपलं.

भाच्याची पहिली फेक सात.

“ताई, बरं कर ना मला.”

ताईने आपला कागद पाहिला. जखम भरण्याचा मंत्र तिला येत होता, पण तो वापरायला लागणारा स्लॉट उरला नव्हता. होते दोनच, आणि दोन्ही गावात खर्च झाले होते. तिने धावत जाऊन हाताने रक्त थांबवायचा प्रयत्न केला. फासा चारवर थांबला. मग भाच्याची पाळी आली. त्याला पडला एक. एक पडला की दोन अपयशं धरतात.

भाचा रडला नाही. उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला, ते जास्त वाईट होतं. लेक कागद उलटा ठेवून म्हणाली, “मी उगाच त्या बेडकाशी बोलले.”

रात्री मुलं झोपल्यावर मी नियमांचं पुस्तक उघडलं. त्या दोन्ही मंत्रांच्या नावाखाली बारीक अक्षरात, कंसात एकच शब्द छापलेला होता: रिच्युअल. तो मी महिनाभर वाचत होते आणि सोडून देत होते. त्या शब्दाचा अर्थ मला वेळेवर कळला असता तर विहिरीपाशी एकही स्लॉट खर्च झाला नसता, आणि योद्धा जगला असता. चूक लेकीची नव्हती, माझी होती.

तो शब्द नेमका काय आहे, ते आता सांगते. नव्याने खेळणाऱ्या घरांमध्ये ही चूक सर्रास होते.

स्लॉट वाचवायचा, वेळ द्यायचा

आधी स्लॉटचं समजून घेऊ. जादू करणाऱ्या पात्राला दिवसाला ठरावीक स्लॉट मिळतात. मंत्र म्हटला की एक स्लॉट जातो आणि रात्रीची मोठी झोप झाल्यावर सगळे परत येतात. पहिल्या पातळीच्या ड्रुइडकडे दोन असतात, पाचव्या पातळीच्या ड्रुइडकडे लहानमोठे मिळून नऊ. मारामारी, औषधोपचार, सुटका हे सगळं त्यातूनच भागवायचं. महिनाअखेरीच्या पाकिटासारखं ते जपून वापरावं लागतं.

पण काही मंत्रांवर ‘रिच्युअल’ असा शिक्का असतो. आपण त्याला विधी म्हणू. असा मंत्र दोन तऱ्हांनी म्हणता येतो. घाई असेल तर नेहमीसारखा: क्षणात होतो, स्लॉट जातो. सवड असेल तर विधी म्हणून: नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त लागतात, पण स्लॉट जात नाही. दिवसातून कितीही वेळा करा. विहीर कुठे पळून जाणार नव्हती. दुपार होती, शत्रू नव्हता. वीस मिनिटांत दोन्ही कामं फुकटात झाली असती.

यात दोन अटी आहेत. पहिली, विधी म्हणून म्हटलेल्या मंत्राची ताकद वाढवता येत नाही. एरवी लहान मंत्र मोठ्या स्लॉटने म्हटला तर त्याचा परिणाम वाढू शकतो. स्लॉटच दिला नाही, तर वाढणार कशाने? दुसरी अट ड्रुइडला जास्त छळते. तो मंत्र त्या दिवशीच्या तयारीत असायला हवा.

ही ‘तयारी’ म्हणजे काय? ड्रुइडला आपल्या पातळीचे सगळे मंत्र तत्त्वतः येतात, पण रोज सकाळी त्यातले मोजकेच मनात धरून ठेवता येतात. २०१४ च्या नियमांत त्यांची संख्या म्हणजे पात्राची पातळी अधिक त्याच्या शहाणपणाचा गुण. माझ्या लेकीला सुरुवातीला चारच जागा होत्या. त्यातल्या दोन तिने बेडकाला आणि विषाला दिल्या होत्या. तेव्हा विधी फुकट असतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं. स्लॉट वाचतो, पण डोक्यातली जागा अडते.

इथे विझार्ड, म्हणजे पोथीवाला जादूगार, मजेत असतो. त्याच्याकडे मंत्रांची वही असते. विधीचा मंत्र वहीत लिहिलेला असला की पुरे. सकाळी मनात धरलेला नसला तरी चालतं, तो वही उघडून सावकाश वाचत बसतो. ड्रुइडकडे वही नाही. जे डोक्यात आहे तेवढंच त्याचं.

हा फरक मला फार आवडतो, कारण खऱ्या इतिहासात त्याचा पडसाद आहे. ड्रुइड हे प्राचीन गॉल आणि ब्रिटनमधल्या केल्टिक लोकांचे विद्वान आणि पुरोहित. ज्युलियस सीझरने त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय, की ते आपली विद्या लिहून ठेवणं निषिद्ध मानत. शिष्य पद्यं पाठ करत आणि काही जण त्यासाठी वीस-वीस वर्षं शिकत. पाठांतराची ही रीत आपल्याला काही अनोळखी नाही. रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो, की पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड ओक वृक्षावर चढून सोन्याच्या कोयत्याने मिसलटो हे बांडगूळ कापत असे. खेळातल्या ड्रुइडच्या सामानात आजही मिसलटोची डहाळी असते. नियम लिहिणाऱ्यांनी वहीचा मुद्दा सीझर वाचून ठरवला की आपसूक तसं झालं, कोण जाणे. पण जुळलं खरं.

खेळाचं वय पाहिलं तर विधीचा हा नियम तसा तरुण आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आणला. ड्रुइड हे खेळता येणारं पात्र म्हणून १९७६ च्या एका पुरवणी पुस्तकात आलं. सकाळी मंत्र मनात भरायचे आणि म्हटला की तो पुसला जायचा, ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांवरून घेतलेली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत विधी हा वेगळाच कप्पा होता; त्याला वही लागायची आणि सामानाचे पैसेही. मंत्र तोच, वेळ दिला तर स्लॉट माफ, ही सुटसुटीत रीत २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आली.

ड्रुइडच्या झोळीत काय काय

ड्रुइडचे विधी एका ओळीत मांडून पाहिले, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्यातल्या एकानेही कुणाला मारता येत नाही आणि एकानेही जखम भरता येत नाही. भाच्याला वाचवू शकणारा मंत्र विधी नव्हताच, आणि असता कामा नये. नाहीतर दर लढाईनंतर दहा-दहा मिनिटं बसून सगळे ठणठणीत झाले असते आणि गोष्टीतली भीतीच गेली असती. गुडबेरी, म्हणजे भूक भागवणारी जादूची बोरं, हासुद्धा विधी नाही. त्याबाबत अनेकांची गल्लत होते. विधी आहेत ते कळण्याचे, शोधण्याचे, निरोपाचे आणि वाट पार करण्याचे. जो माणूस रान ओळखतो, त्याची ही कामं.

प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र यातला सगळ्यांत लाडका. गंमत म्हणजे तो प्राण्यावर टाकायचा नसतो, स्वतःवर असतो. त्यामुळे बेडकाला दहा मिनिटं पकडून बसायची गरज नाही. आधी झाडाखाली निवांत विधी करा, मग पुढची दहा मिनिटं वाटेत भेटेल त्याच्याशी बोला: बेडूक, कावळा, गाढव, सगळे. पण प्राणी आपल्या बुद्धीनेच उत्तर देणार. आसपासच्या जागा, तिथले राक्षस, गेल्या दिवसभरात पाहिलेलं-ऐकलेलं, एवढं तरी तो सांगू शकतो. बेडकाला गॉब्लिन शब्द माहीत नसतो. त्याला ‘मोठे पाय’ माहीत असतात. डंजन मास्टरला इथे धमाल करता येते. आमच्या बेडकाला सगळं कळत होतं, ती माझी दुसरी चूक.

प्राण्यामार्फत निरोप पाठवण्याच्या मंत्राला आमच्या मुलांनी ‘चिमणी-टपाल’ असं नाव ठेवलंय. एखाद्या चिमुकल्या प्राण्याला खाऊचा तुकडा द्यायचा, आपण आधी जाऊन आलेल्या जागेचं नाव सांगायचं, माणसाचं वर्णन करायचं आणि जास्तीत जास्त पंचवीस शब्दांचा निरोप. उडणारा प्राणी चोवीस तासांत पन्नास मैल, म्हणजे ८० किलोमीटर जातो. चालणारा त्याच्या निम्मं. पोचल्यावर तो तुमच्याच आवाजात निरोप म्हणतो. ताकद न वाढण्याची अट इथे नीट दिसते. विधी म्हणून केला तर मुदत चोवीस तासांचीच; वेळेत पोचला नाही तर निरोप हरवतो. तिसऱ्या पातळीचा स्लॉट खर्च केला तर मुदत तीन दिवसांची होते. राजधानी दोनशे मैलांवर असेल, तर स्लॉटशिवाय गत्यंतर नाही. मुलांना पंचवीस शब्दांत निरोप लिहायला लावून पाहा. माझ्या लेकीने शाळेच्या निबंधात घेतले नसतील इतके कष्ट त्यावर घेतले.

पाण्यात श्वास घेण्याचा मंत्र पाचव्या पातळीला मिळतो आणि तिथून गोष्टीचा नकाशाच बदलतो. दहा जणांना, चोवीस तास. विधी केला तर एकही स्लॉट न देता. म्हणजे ड्रुइडने रोज सकाळी दहा मिनिटं दिली, की अख्खी मंडळी तळ्याच्या तळाशी मुक्काम ठोकू शकते. बुडालेलं देऊळ ही ज्या डंजन मास्टरची हुकमी अडचण असते, त्याने हे आधीच लक्षात ठेवावं. मात्र मंत्राने श्वास मिळतो, पोहता येत नाही. चिलखत घालून उडी मारणाऱ्याला हे नंतर कळतं.

पाण्यावरून चालण्याचा, पाच मैलांतली वनस्पती किंवा प्राणी शोधण्याचा, अन्नपाणी शुद्ध करण्याचा, प्राण्याच्या डोळ्यांनी पाहण्याचा असे बाकीचे विधी आहेत. दगडात विरघळून लपण्याचाही आहे, पण मागे पहारेकरी लागलेले असताना दहा मिनिटांचा विधी करून लपायची वेळ कुणावर येईल असं वाटत नाही. त्याला स्लॉटच द्यावा.

आणि मग नवव्या पातळीला येतो निसर्गाशी एकरूप होण्याचा विधी. नवव्या पातळीच्या ड्रुइडकडे त्या दर्जाचा एकच स्लॉट असतो. तोच मंत्र विधी म्हणून केला तर अकरा मिनिटं लागतात, कारण मुळातच त्याला एक मिनिट लागतं, आणि तो स्लॉट संकटासाठी राखला जातो. उघड्यावर तीन मैलांच्या परिसरात काय आहे याबद्दल आपण निवडू त्या तीन गोष्टी कळतात: पाणी कुठे, कोणती झाडं नि प्राणी, कोणत्या वस्त्या, एखादी बलाढ्य दुष्ट शक्ती दबा धरून बसली आहे का. गुहेत हाच पल्ला तीनशे फुटांवर येतो. आणि जिथे बांधकामाने निसर्गाची जागा घेतली आहे, म्हणजे शहरात किंवा बांधलेल्या तळघरात, तिथे हा मंत्र चालतच नाही. नियमांच्या पुस्तकातलं हे कोरडं वाक्य वाचून मी खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या सोसायटीत ड्रुइडला काही ऐकू आलं नसतं.

रेंजरची तक्रार

हे सगळं मुलांना समजावलं, तेव्हा शेजारचा मुलगा फुरंगटून बसला. रेंजरही रानातलाच. दुसऱ्या पातळीला त्याला मंत्र मिळतात, आणि त्याच्या यादीत प्राण्यांशी बोलणं आहे, चिमणी-टपाल आहे, पाण्यातला श्वास आहे. प्रत्येकावर विधीचा शिक्का आहे. मग तो का नाही करू शकत?

२०१४ च्या नियमांनुसार खरंच नाही करू शकत. मंत्रावर शिक्का असणं एक, आणि पात्राला विधी करण्याचा अधिकार असणं दुसरं. ड्रुइड, क्लेरिक, बार्ड, विझार्ड यांना तो दिलेला होता, रेंजरला नव्हता. दुसऱ्या पातळीच्या रेंजरला येतात दोन मंत्र, स्लॉटही दोन. त्यातला एक ससा काय म्हणतो हे ऐकण्यात कोण घालवेल? म्हणून बहुतेक रेंजर हे मंत्र घेतच नसत. वर खारं लावायला, रानटी योद्ध्याच्या एका शाखेला, म्हणजे प्राण्याचं टोटेम मानणाऱ्या बार्बेरियनला, तिसऱ्या पातळीपासून प्राण्यांशी बोलण्याचा आणि प्राण्याच्या डोळ्यांनी पाहण्याचा मंत्र फक्त विधी म्हणून करता येतो. रागाने आरडाओरडा करत कुऱ्हाड चालवणारा माणूस हरणाशी फुकटात गप्पा मारणार आणि आयुष्यभर रानात राहिलेला रेंजर नुसता बघत बसणार. माझ्या मते ही नियमांतली उघड चूक होती.

ती २०२४ च्या सुधारित पुस्तकात दुरुस्त झाली. आता मंत्र तयारीत असेल आणि त्यावर शिक्का असेल, तर कुणीही तो विधी म्हणून करू शकतं. रेंजरलाही आता पहिल्या पातळीपासून मंत्र मिळतात. ड्रुइडचंही भलं झालं: प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र त्याच्या मनात कायमचा असतो, त्यासाठी जागा अडवावी लागत नाही. जुनं पुस्तक वापरणाऱ्या घरांनी एवढा एक बदल उसना घ्यायला हरकत नाही. आम्ही घेतला. (पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहेत. ड्रुइड, रेंजर आणि यातले बहुतेक मंत्र त्यात मिळतात, त्यामुळे खेळून पाहायला महागडी पुस्तकं घ्यावी लागत नाहीत.)

दहा मिनिटांची किंमत

आता दुसरं टोक. विधी कळल्यावर पुढच्या दोन डावांत आमच्या मुलांनी उच्छाद मांडला. प्रत्येक दारापाशी “थांबा, विधी करतो.” प्रत्येक पेल्यासाठी विष ओळखणं, प्रत्येक उंदरासाठी संभाषण. मी “बरं” म्हणत होते. दहा मिनिटं गेली म्हणजे माझ्यासाठी फक्त एक वाक्य जात होतं. तिसऱ्या दारापाशी रेंजरने जांभई दिली.

डंजन मास्टरने वेळेला भाव दिला नाही, तर विधीचा काही अर्थ उरत नाही. लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची असते. दहा मिनिटं म्हणजे शंभर फेऱ्या. लढाया बहुधा चार-पाच फेऱ्यांत आटोपतात. शंभर फेऱ्या एका जागी बसून मंत्र पुटपुटायचं, म्हणजे तेवढ्या वेळात काहीही होऊ शकतं. मशाल एक तास जळते. सहा विधी केले की अंधार. आधी केलेल्या दुसऱ्या मंत्राची मुदत संपते. जुन्या आवृत्त्यांत तळघरातली वेळ दहा-दहा मिनिटांच्या टप्प्यांनीच मोजत आणि मधून मधून डंजन मास्टर फासा टाकून बघत असे, की भटकता राक्षस इकडे येतोय का. मी ती जुनी रीत परत आणली. टेबलाच्या माझ्या बाजूला एक सहा बाजूंचा फासा ठेवला. दर विधीला तो टाकायचा, एक पडला तर कुणीतरी येणार. फाशाचा आवाज झाला की मुलं आता श्वास रोखतात.

आणखी एक नियम बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. विधी चालू असताना लक्ष अखंड लागतं. वेलींनी शत्रूला जखडून ठेवण्यासारखा, लक्ष देऊन टिकवायचा दुसरा मंत्र चालू असेल, तर विधीला बसताच तो सुटतो. विधी चालू असताना मार बसला तर फासा टाकून लक्ष टिकलं का ते पाहायचं; नाही टिकलं तर सगळी मेहनत वाया, पहिल्यापासून सुरुवात. प्राण्याचं रूप घेतलेल्या ड्रुइडला तर मंत्र म्हणताच येत नाहीत. अठराव्या पातळीला ती मुभा मिळते, तोवर आधी माणूस व्हायचं आणि मग बसायचं. २०२३ च्या चित्रपटातल्या ड्रुइडचं रूप बदलणं पाहून आलेल्या मुलांना ही अट जाचक वाटते. वाटू दे.

या दहा मिनिटांत पात्र नेमकं काय करतं, हे पुस्तक फारसं सांगत नाही. बोल, हातवारे आणि काही वस्तू: पाण्यातल्या श्वासासाठी बोरूची काडी, पाण्यावर चालण्यासाठी बुचाचा तुकडा, विष ओळखण्यासाठी यू वृक्षाचं पान. बाकी आपण भरायचं. लेकीने तिच्या ड्रुइडसाठी ठरवलंय की ती ओल्या मातीवर बोटाने वर्तुळं काढते आणि ज्या प्राण्याशी बोलायचंय त्याचा आवाज अगदी हळू काढत बसते. आई एकदा स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, “हे काय मंत्र-तंत्र लावलंय घरात?” १९८० च्या दशकात अमेरिकेतही या खेळावरून असाच गहजब झाला होता, मुलं खरी जादू शिकतील अशी तिथल्या काही पालकांना भीती होती. आईला मी पंचवीस शब्दांच्या निरोपाची गोष्ट सांगितली. मग ती खुर्ची ओढून बसली. आता तिचा प्रश्न एवढाच असतो, की त्या बिचाऱ्या चिमणीला पाणी तरी पाजता का.

लेकीच्या खेळण्यात झालेला बदल मला आदल्या रात्री दिसतो. पूर्वी ती फक्त मारामारीचे मंत्र मोजायची. आता मंडळी झोपायच्या आधी ती विचारते, “उद्या कुठे जायचंय?” नदी असेल तर पाण्याचा मंत्र मनात धरायचा, गाव असेल तर विषाचा, रान असेल तर शोधाचा. एक जागा कायम जखमेच्या मंत्राची. ती जागा आणि त्यासाठीचा एक स्लॉट याला कुणी हात लावायचा नाही, असं तिने कागदावर लाल पेनाने लिहून ठेवलंय.

गेल्या रविवारी मंडळी त्याच गुहेपाशी परतली. भाच्याने नवा योद्धा आणला होता, जुन्याचा धाकटा भाऊ. गुहेच्या तोंडाशी वटवाघळं लटकली होती. आत किती गॉब्लिन आहेत हे त्यांना ठाऊक असणार.

“सूर्य मावळायला किती वेळ आहे?” लेकीने विचारलं.

“अर्धा तास.”

“मग मी विधीला बसते. तुम्ही दोघं पुढे उभे राहा.”

मी फासा टाकला. एक. मुलांनी तो पाहिला नव्हता, पण माझा चेहरा पाहिला. मी म्हटलं, साडेनऊ मिनिटं झाली आहेत आणि झुडपातून दोन लांडगे बाहेर आलेत. अर्धं मिनिट उरलं होतं, म्हणजे पाच फेऱ्या. विधी सोडला तर ताईला लढता येईल, पण मग वटवाघळांचं कळायला पुन्हा पहिल्यापासून दहा मिनिटं लागतील. तिने भाच्याकडे पाहिलं. त्याने फासे आपल्याकडे ओढून घेतले.

“ताई, तू थांबू नकोस. पाच फेऱ्या मी धरतो.”